संत्र्याची कार्यालयीन प्रत

माझे सासरे यशवंतराव सौंसरच्या तहसिलीसमोर, कडुनिंबाखाली, नोटरीचं टेबल लावून बसतात. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणायची रीत आहे. मामाजींचा एकच नियम आहे. माणूस समोर पाहिजे आणि ओळखपत्र त्याच्या हातात पाहिजे. यातलं एक जरी नसलं तरी त्यांचा गोल शिक्का डबीबाहेर येत नाही. मग तो सरपंच असो, शाळेतला गुरुजी असो, नाहीतर सख्खा मावसभाऊ.

"ओळखतो म्हणून काय झालं?" ते म्हणतात. "यशवंत ओळखते तुले. नोटरी कोणाले ओळखत नाही."

या नियमात एकदा माझी सासूच सापडली. मी या घरात यायच्या आधीची ही गोष्ट. आत्याबाईंना, म्हणजे पंचफुलाबाईंना, राशन कार्डावरचं नाव दुरुस्त करायचं होतं आणि त्यासाठी शपथपत्र लागत होतं. घरचाच नोटरी, म्हणून त्या दुपारी मामाजींचा डबा घेऊन कडुनिंबाखाली गेल्या आणि मोठ्या हौसेनं रांगेत उभ्या राहिल्या. पाळी आली. मामाजींनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "ओळखपत्र?"

"घरी राहलं," आत्याबाई म्हणाल्या. "हातात डबा होता नं तुमचा."

"मंग घेऊन या. पुढचा!"

रांगेतला एकजण हसला. आत्याबाई डबा तसाच घेऊन घरी परतल्या आणि त्यातली भाकर गायीला घातली. शपथपत्र त्यांनी पांढुर्ण्याला जाऊन दुसऱ्या नोटरीकडून करून आणलं. त्यानंतर कडुनिंबाच्या सावलीत त्यांनी कधी पाय टाकला नाही. मामाजींचा डबा तेव्हापासून देवीदास टायपिस्ट सकाळी येता येता घेऊन जातो. घरात दोघं बोलतात, भांडतात, एकमेकांना औषधाची आठवण देतात. कडुनिंबाचं नाव तेवढं कोणी काढत नाही.

आता संत्र्याचं सांगते.

आमच्या भागात संत्र्याचा बगीचा झाडावर माल असतानाच विकतात. तोडा व्यापाऱ्याची माणसं करतात. पण अगदी बारीक फळ व्यापारी घेत नाही. त्याला चुरी म्हणतात, ती शेतकऱ्यालाच राहते. आता चुरी कुठे संपते आणि संत्रं कुठे सुरू होतं, हे कोण ठरवणार? त्यासाठी नमुना असतो. सौद्याच्या दिवशी दोघं बगीच्यात फिरतात, एक फळ तोडतात, आळीपाळीनं मुठीत धरून पाहतात आणि मान हलवतात. याच्याहून लहान ती चुरी. ते फळ फडक्यात बांधून शेतकऱ्याच्या घरी टांगून ठेवतात. तोडा येईपर्यंत ते थोडं आकसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. तेवढं ज्याचा त्याचा हात समजून घेतो. फीत कोणी लावत नाही. लावली तर समोरच्यावर भरोसा नाही असा अर्थ होतो.

बोरगावच्या श्रावणभाऊंचा बगीचा दरवर्षी पांढुर्ण्याचे वीरेंद्रभाऊ घेतात. मागच्या साली तोड्याच्या वेळी वीरेंद्रभाऊ म्हणाले, नमुना बदललाय. श्रावणभाऊ म्हणाले, तुमचा हात मोठा झालाय. भांडण इतकं वाढलं की यंदा दोघांनी ठरवलं, नमुना पक्का करायचा. नोटरी करायचा.

तर दोघं संत्री घेऊन कडुनिंबाखाली आले. मामाजी पहिल्यांदा शहाणपणाचंच बोलले. म्हणाले, "सेंटीमीटरमध्ये लिहून टाकू."

दोघांना एकदमच राग आला.

"वकील साहेब, सोयरीक करताना पोरीले फीत लावता का तुमी?" श्रावणभाऊ म्हणाले.

"आमी भांडून राहिलो हे खरं," वीरेंद्रभाऊ म्हणाले, "पण एवढे खराब नाही झालो बापा."

मामाजींनी विचार केला. करारात जे जोडलं ते परिशिष्ट. परिशिष्टावर शिक्का पाहिजे. करार तीन प्रतींत असतो, एक याला, एक त्याला आणि एक कार्यालयीन. म्हणून संत्री पण तीन पाहिजेत, आणि तिन्ही सारखी. त्यांनी दोघांना डोळे मिटायला लावले, एकेक फळ हातात दिलं आणि दोघांच्या तोंडून वदवून घेतलं की तिन्ही हाताला एकच लागतात. देवीदासनं टाइप केलं, "परिशिष्ट एक: संत्रं, नग एक, सालीसह."

सालीवर शाई धरेना, शिक्का घसरला. चहावाल्याच्या चुलीतली राख लावून साल खरखरीत केली, तेव्हा कुठे गोल उमटला. सही करताना शेवटच्या रेघेला साल फाटली आणि थेंबभर रस टेबलावर पडला. मामाजींनी तो टिपकागदानं टिपला आणि टिपकागद कराराला टाचला. तो दस्तऐवजाचाच भाग होता.

कार्यालयीन प्रत त्यांनी घरी आणली आणि समोरच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली. हे काय आहे, ते कोणाला सांगितलं नाही. पक्षकाराच्या कागदाबद्दल घरात बोलायचं नाही, हाही त्यांचा नियम. पण संत्र्याच्या दिवसांत सौंसरच्या घरात कोनाड्यात संत्रं दिसलं, तर ते कार्यालयीन प्रत असेल असं कोणाच्या मनात येईल?

पुढे तोडा आला. वीरेंद्रभाऊंची माणसं क्रेट घेऊन बगीच्यात उतरली आणि नमुना मागितला. श्रावणभाऊंनी आपली प्रत काढली. ती त्यांनी कवेलूंच्या छपराखाली, चुलीच्या वर टांगली होती. धुरानं आणि उन्हानं तिचं लिंबू झालं होतं, तेही वाळलेलं. गोल शिक्का त्यावर आकसून आकसून शर्टाच्या गुंडीएवढा झाला होता. पण अक्षर न् अक्षर शाबूत.

"याच्याहून लहान ते चुरी," श्रावणभाऊ म्हणाले. "दाखवा एखादं. अख्ख्या बगीच्यात सापडलं तर मी मिशी काढतो."

वीरेंद्रभाऊंनी पांढुर्ण्याहून आपली प्रत मागवली. ती त्यांच्या फ्रिजमध्ये होती. टुमटुमीत, थंडगार, जशी तोडली तशी.

"हे पाहा बे नमुना!"

"त्याच्यावर शिक्का आहे, माह्यावाल्यावर नाही का?" श्रावणभाऊ म्हणाले. "दोन्ही खरे. मंग मी माह्यावालाच पाहीन नं."

हे मात्र वीरेंद्रभाऊंना सहन झालं नाही. राग श्रावणभाऊंवर नव्हता. ते तर दरवर्षीचं होतं. राग शिक्क्यावर होता. एकाच नोटरीनं एका दिवशी एकाच नावानं लिंबू पण खरं केलं आणि संत्रं पण? त्यांनी त्याच तावात तक्रार लिहिली की नोटरी यशवंतराव यांनी असमान वस्तू समान म्हणून प्रमाणित केल्या, सबब व्यावसायिक गैरवर्तन. आणि वरती पाठवून दिली.

पिकलेला माल थांबत नाही. चार दिवसांनी दोघांनी फ्रिजही बाजूला ठेवला आणि चूलही. पहिल्यासारखं मुठीत धरून धरून तोडा केला, बांधावर बसून चहा घेतला आणि विषय संपवला. वीरेंद्रभाऊ तक्रार परत घ्यायला गेले, तर त्यांना सांगण्यात आलं की टपालात पडेपर्यंत तक्रार तुमची होती, आता ती सरकारची आहे.

कागद आला. चौकशी पांढुर्ण्याला. आरोप सिद्ध झाला तर नोटरींच्या यादीतून नाव कमी होईल आणि शिक्का जमा करावा लागेल.

निकाल लागायच्या आधीच मामाजींनी शिक्का बंद केला. "आरोप असलेल्या हातानं कशाला लावू?" म्हणाले. टेबल मात्र रोज लावायचे. लोक यायचे, मामाजी त्यांचे कागद वाचायचे, चुका दाखवायचे आणि दुसरीकडे पाठवायचे. घरी जेवताना शिक्क्याची डबी नेहमी त्यांच्या ताटाच्या डाव्या बाजूला असते. माझी लेक पिहू बसायला शिकली ती त्या डबीच्या झाकणावर थापा मारत मारत. ती डबी आता फडक्यात गुंडाळून कोनाड्यात गेली. जेवताना मामाजींचा डावा हात दोनदा तरी तिथे जायचा आणि रिकामाच परत यायचा. पिहू पण तिथेच थापा मारायची, फरशीवर.

नोटीस हिंदीत होती. शेवटी लिहिलं होतं, कार्यालयीन प्रति जिस रूप में उपलब्ध हो, प्रस्तुत करें.

मामाजी उठले, कोनाड्यापाशी गेले. डबी होती, संत्रं नव्हतं.

आत्याबाई अंगणात उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. पायांवर पिहू. थंडीनं तिची कातडी फुटत होती, म्हणून आत्याबाई तिला उटणं लावून राहिल्या होत्या. मी शेजारी बादलीत पाणी कोमट करत होते.

"कोनाड्यात संत्रं होतं," मामाजी म्हणाले.

"हाव. होतं."

"शिक्क्याचं."

"तेच. गोड निंघालं. कवाचं होतं पण रस होता त्याच्यात."

"अन् साल?"

"साल वाळवली, कुटली, मसुराच्या पिठात कालवली," आत्याबाईंनी पिहूच्या पोटावर हात फिरवला, "हे पाहा नं. कशी चमकून राहिली पोरगी."

पिहू खरंच चमकत होती. उन्हात केशरी-पिवळी, पोटापासून कानापर्यंत.

"शिक्का दिसला नाही तुमाले?"

"दिसला नं. मले वाटलं कंपनीचा असन. आजकाल फळायवर चिटकवून येते नं काहीबाही."

मामाजी उंबऱ्यावर बसले. मी मग्गा भरून पुढे केला तसे ओरडले, "धुऊ नका तिले!"

"अवो, पोरीले थंडी वाजन!"

"कार्यालयीन प्रत आहे ते!"

शेवटी आम्ही पिहूला धुतलं. पण डब्यात जे उटणं उरलं होतं त्याला मामाजींनी कोणाला हात लावू दिला नाही. डब्याला चिठ्ठी लावली आणि चौकशीच्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "सूनबाई, पोरीले थोडं लावा. कपाळाले तरी. नोटिशीत लिहिलं आहे, ज्या रूपात असन त्या रूपात. डब्यात एक रूप आहे, तिच्या अंगावर दुसरं. मी एकच नेलं तर ते लपवणं होते."

"मामाजी, बाळाला कशाला..."

"मी कधी अर्धा कागद दाखल केला नाही, बेटा."

त्यांचा आवाज असा होता की मी पिहूच्या कपाळाला आणि दोन्ही गालांना उटणं लावलं. कुलदीप, माझा नवरा, पहिल्या पाळीला कारखान्यात गेला होता. नाहीतर त्यानं काय केलं असतं कोण जाणे.

न्यायला वीरेंद्रभाऊंचीच पिकअप आली. तक्रारदार गाडी चालवत होते. श्रावणभाऊ मागे क्रेटवर बसले होते, मांडीवर रुमालात बांधलेली आपली प्रत. वीरेंद्रभाऊंची प्रत बर्फासकट स्टीलच्या डब्यात. आत्याबाई येणार नव्हत्या. पिहूला उचललं तशा पायात चपला घालून निघाल्या. "पोरीले चौकशीत नेता अन् मी घरी बसू का?"

"ओळखपत्र घ्या," मामाजी सवयीनं म्हणाले.

"हाव," आत्याबाई म्हणाल्या आणि घेतलं नाही. मी पाहिलं. ओळखपत्र देवाच्या फोटोमागे होतं आणि त्या तिकडे वळल्याच नाहीत.

रस्ताभर वीरेंद्रभाऊ माफी मागत होते. "वकील साहेब, मी त्यायले सांगतो नं, डोस्कं फिरलं होतं माह्यं."

"तुमची तक्रार बरोबर होती," मामाजी म्हणाले. "मुद्देसूद होती. फक्त तारीख चुकीच्या जागी घातली तुमी."

चौकशीचे साहेब सर्दीनं बेजार होते. हिंदी बोलणारे, सभ्य गृहस्थ. मराठी समजत होतं पण जीभ वळत नव्हती. कोपऱ्यात एक बाबू कॉम्प्युटरवर सगळं टाइप करून राहिला होता. साहेबांनी श्रावणभाऊंची प्रत पाहिली आणि बाजूला ठेवली. वीरेंद्रभाऊंचा डबा उघडला. बर्फ विरघळला होता आणि संत्र्याच्या एका अंगाला हिरवी बुरशी आली होती. तेही बाजूला ठेवलं.

"और तीसरी?"

मामाजी उभे राहिले. कोटाची गुंडी लावली. "साहेब, कार्यालयीन प्रत हजर आहे," ते म्हणाले आणि माझ्या मांडीवरून पिहूला उचलून साहेबांच्या टेबलावर बसवलं. शेजारी उटण्याचा डबा ठेवला.

साहेबांनी नाक पुसलं. "ये क्या है?"

"नात आहे, साहेब. प्रतीचा काही भाग हिच्या गालाले आहे. उरलेली डब्यात. गर खाण्यात गेला."

बाबूची बोटं थांबली. पिहूनं इकडेतिकडे पाहिलं आणि हात लांबवून श्रावणभाऊंचं वाळकं संत्रं उचललं. ते हलवलं तशा आतल्या बिया खुळखुळल्या. पिहू खदखदून हसली. मग तिनं ते सोडायलाच नकार दिला. साहेबांनी एकदा प्रयत्न केला, बाबूनं एकदा केला. शेवटी असं ठरलं की पहिली प्रत तिसऱ्या प्रतीच्या ताब्यात राहू द्यावी.

साहेब माणूस चांगले होते, पण कागद कागदासारखाच चालवावा लागतो. त्यांनी श्रावणभाऊंना आणि वीरेंद्रभाऊंना विचारलं, त्या दिवशी तिन्ही फळं सारखी होती का? दोघं एका सुरात म्हणाले, होती. साहेब म्हणाले, म्हणजे प्रमाणित केलं ते त्या दिवसापुरतं खरं होतं. फळ पुढे वाळलं तर त्याला नोटरी काय करणार? आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. पण साहेब पुढे म्हणाले, मूळ आरोपापेक्षा ही गोष्ट मोठी आहे. नोटरीच्या ताब्यातली प्रत नष्ट झाली, आणि तीही तक्रार असताना. ती कोणी नष्ट केली? यशवंतरावांनी स्वतः केली असेल, तर पुढे लिहायला काही उरत नाही. शिक्का आजच जमा.



"मी खाल्लं," दाराशी उभ्या असलेल्या आत्याबाई म्हणाल्या. "अन् मीच कुटलं. यायले काही माहीत नव्हतं."

साहेबांनी त्यांना पुढे बोलावलं. नाव विचारलं. पंचफुला. बाबू म्हणाला, जबाब घ्यायचा तर ओळखपत्र लागेल.

"घरी राहलं," आत्याबाई म्हणाल्या.

मी मामाजींकडे पाहिलं. त्यांना ते शब्द बरोबर ऐकू आले होते.

साहेबांना घाई होती, सर्दी होती. त्यांनी अगदी सहज, सही करता करता विचारावं तसं मामाजींना विचारलं, "आप तो पहचानते होंगे इनको?"

कोणीही हो म्हटलं असतं. श्रावणभाऊ तर मान हलवायला लागलेही. पण तो प्रश्न मामाजींना विचारला होता. ओळखपत्राशिवाय ओळख पटवायची नाही, ही त्यांच्या उभ्या जन्माची रीत. आणि आता ती मोडायची, तीही सरकारसमोर, टाइप होताना.

"साहेब," ते म्हणाले, "माह्याजवळ तसा आधार नाही."

"आधार कार्ड नहीं?" साहेबांनी विचारलं.

"नाही, आधार म्हणजे... पुरावा. लग्नाचा दाखला तेव्हा काढत नव्हते."

"यशवंतरावजी," साहेब म्हणाले, आणि हे मी माझ्या मराठीत लिहिते, "या तुमच्या पत्नी आहेत की नाहीत?"

"आहे, साहेब. पण नोटरी म्हणून मी..."

"मग मला असं लिहावं लागेल की प्रत तुमच्या ताब्यात असताना गेली आणि कोणी नेली ते सिद्ध झालं नाही. त्याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?"

बाबूनं बोटं कीबोर्डवर ठेवली. वीरेंद्रभाऊंनी डोळे मिटले. मामाजींचा डावा हात टेबलाच्या कडेवर डबी शोधत होता.

आत्याबाई सगळा वेळ भिंतीकडे पाहत होत्या. आता त्या टेबलापाशी आल्या, पदर खोचला, पिहूला काखेत घेतलं. तिच्या हातातला संत्र्याचा खुळखुळा वाजला.

"चल सूनबाई," त्या म्हणाल्या. "अन् साहेब, पुढचा येऊ द्या."

त्या दाराकडे निघाल्या.

"थांबा," मामाजी म्हणाले. "बाबू, टाइप करा."

आणि ते उभे राहिले तसेच बोलायला लागले, कडुनिंबाखाली मजकूर सांगतात त्या आवाजात. "मी, यशवंतराव, राहणार सौंसर, सांगतो की समोर पाठ करून उभी असलेली बाई माझी पत्नी पंचफुला आहे. मी तिले स्वतः ओळखतो. ओळखीची खूण अशी. रागात असली की भाजीत मीठ दोनदा पडते. मिरची डाव्या हातानं खुडते, बाकी सगळं उजव्यानं. थंडी कितीही असो, झोपेत पाय पांघरुणाच्या बाहेर."

"हे पण लिहू, साहेब?" बाबूनं विचारलं.

साहेब रुमाल नाकाला लावून बसले होते. त्यांनी नुसता हात हलवला. लिहा.

"देवाले नमस्कार करते तेव्हा पयले दुसऱ्याच्या पोरांसाठी मागते, मंग कुलदीपसाठी, अन् मंग विसरून जाते. चहा आमच्या घरी मीच चांगला करतो, पण ती दुसऱ्याजवळ सांगते का तिनं शिकवला."

"मीच शिकवला," आत्याबाई भिंतीला म्हणाल्या.

"हे घ्या, आवाजही तोच," मामाजी म्हणाले. "अन् एकदा ही माह्या टेबलापाशी आली होती. रांगेत. हातात माहा डबा होता. तेव्हा मी म्हटलं, ओळखपत्र पाहिजे. तेव्हा मी हिले ओळखलं नाही. ओळखत होतो."

बाबू अडला. "ओळखलं नाही, का ओळखत होते? काय टाइप करू?"

"दोन्ही," मामाजी म्हणाले.

खोलीत फक्त खुळखुळा वाजत होता. श्रावणभाऊ उगाच छताकडे पाहत होते. साहेबांनी रुमाल काढला, त्यांचं नाक लाल झालं होतं. सर्दीचंच म्हणायचं.

"पुरे नं आता," आत्याबाई पदराआडून म्हणाल्या. "घराच्या गोष्टी पांढुर्ण्यात कायले सांगता?"

"अजून आहे," मामाजी म्हणाले.

"पर्याप्त है," साहेब म्हणाले.

मग आत्याबाईंचा जबाब झाला. संत्रं कोनाड्यात होतं, खाल्लं, गोड होतं, साल कुटली. कोणी सांगितलं नव्हतं की तो कागद आहे. सांगितलं असतं तरी खाल्लं असतं का, असं साहेबांनी विचारलं. आत्याबाईंनी प्रामाणिकपणे थोडा वेळ घेतला आणि म्हणाल्या, "साल तेवढी ठेवली असती."

साहेबांनी लिहिलं ते असं. गैरहेतू आढळला नाही, नाव यादीत राहील, शिक्का राहील. मात्र लेखी समज देण्यात येते की यापुढे जी वस्तू वाळते, सडते किंवा खाल्ली जाऊ शकते तिच्यावर नोटरीचा शिक्का मारू नये.

परतताना मामाजी ती ओळ पिकअपमध्ये पुन्हा पुन्हा वाचत होते.

"मंग आमच्या फोटोवर बी मारू नका वकील साहेब," मागून श्रावणभाऊ ओरडले. "आमी बी वाळूनच राहिलो."

"तू नाही वाळत बे," वीरेंद्रभाऊ म्हणाले. "तू चुलीवर टांगला तरी तसाच राहशील." आणि पुढच्या साली नमुन्याला काय घ्यायचं यावर दोघं सौंसर येईपर्यंत भांडले. वाळलेली प्रत पिहूकडेच राहिली. ती कोणी मागितली नाही.

संध्याकाळी डबी फडक्यातून निघाली आणि ताटाच्या डाव्या बाजूला आली. पिहू संत्र्यानं झाकणावर ठोके देत होती. आत्याबाई तव्यावरून भाकर घेऊन आल्या, मामाजींच्या ताटापाशी वाकल्या आणि हात वरच्या वर थांबवला.

"ओळखपत्र?"

कुलदीपला काही कळलं नाही, तो माझ्याकडे पाहायला लागला. मामाजींनी आत्याबाईंकडे पाहिलं. मग खरंच उठले, कोटाच्या खिशात पाहिलं, कपाटात पाहिलं आणि ओळखपत्र घेऊन आले. आत्याबाईंनी ते दिव्याखाली धरलं. फोटो पाहिला, मामाजींना पाहिलं, परत फोटो पाहिला.

"हा तर कोणी चांगला माणूस दिसते," त्या म्हणाल्या आणि भाकर वाढली.

कार्ड त्यांनी परत दिलं नाही. कमरेला खोचून चुलीकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी देवीदास डबा घ्यायला आला, तर आत्याबाई म्हणाल्या, तू हो पुढे. दुपारी मी पिहूला घेऊन त्यांच्या मागे मागे गेले, ऊन होतं म्हणून छत्री धरायला. कडुनिंबाखाली रांग होती. आत्याबाई रांगेत उभ्या राहिल्या, शेवटी, डबा हातात धरून. त्यांची पाळी आली. डब्याच्या फडक्यात मामाजींचं कार्ड खोचलेलं होतं, फोटो वर करून.

मामाजींनी कार्डाकडे पाहिलं नाही. टेबलावरचे कागद बाजूला सारले, शिक्क्याची डबी सरकवून जागा केली आणि आत्याबाईंच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला म्हणाले, "थोडं थांबा जी. जेवून राहिलो."